रानडे, फुले आणि कापसाचा भाव

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1892 साली महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, ते आपल्याकडच्या आर्थिक विचाराचा पाया मानलं जातं, आणि ते योग्यच आहे. त्या काळी कॉलेजांतून रिकार्डो आणि मिल ज्या पद्धतीनं शिकवले जात, त्यातून विद्यार्थ्याची समजूत होई की अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडतात. रानड्यांनी या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. माणूस फक्त स्वतःचा फायदा पाहतो, भांडवल आणि मजूर हवे तिकडे मोकळेपणानं जातात, करार बरोबरीच्या माणसांमध्ये होतात, ही गृहीतकं इंग्लंडातही पुरती खरी नव्हती; हिंदुस्थानात तर त्यांना आधारच नव्हता. मग त्यांच्यावर उभा केलेला खुल्या व्यापाराचा सिद्धांत इथे जसाच्या तसा कसा चालेल, असा त्यांचा प्रश्न होता. एका देशानं कायम कच्चा माल पिकवायचा आणि दुसऱ्यानं कायम त्याचा पक्का माल करायचा, ही वाटणी निसर्गानं केलेली नाही. ती सत्तेनं आणि धोरणानं घडवलेली आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश यांनी 1949 मध्ये लॅटिन अमेरिकेसाठी केंद्र आणि परिघ यांची जी मांडणी केली आणि जिच्यावर पुढे विकसनशील देशांचं व्यापारधोरण दोन-तीन दशकं उभं राहिलं, तिचा गाभा अर्धशतक आधी पुण्यात सांगून झाला होता. पण व्यापारातली विषमता दोन ठिकाणी उपजते: एक देशादेशांमध्ये, आणि दुसरी देशाच्या आत, शेत आणि बाजार यांच्या मधल्या वाटेवर. रानड्यांनी पहिली नेमकी ओळखली. दुसरीवर बोट ठेवलं ते त्यांच्याच शहरात राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी, 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, या व्याख्यानाच्या सुमारे नऊ वर्षं आधी. या दोन विचारांची सांगड न घालता आखलेलं व्यापारधोरण, मग ते खुलं असो की बंदिस्त, मधल्यांच्याच पदरात पडतं, हे महाराष्ट्राच्या कापसाच्या इतिहासातून स्पष्ट दिसतं.

सुरुवात 1861 पासून करावी लागते. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून येत असे. तो थांबताच मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. चार वर्षांत मुंबईच्या व्यापाराला नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले असा अंदाज सांगितला जातो. हा पैसा कुठे गेला, हे मुंबईत आजही डोळ्यांना दिसतं. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. बॅक बेची भरणी करण्यासाठी निघालेल्या कंपनीचे शेअर आभाळाला टेकले. बँका आणि वित्तसंस्था पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. 1865 च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळले, त्या उन्हाळ्यात सट्ट्याचे सौदे बुडाले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेलाही टाळं लागलं. तेजीचा नफा मुंबईत साठला होता, तसा मंदीचा पहिला धक्काही मुंबईलाच बसला. पण धक्का तिथे थांबला नाही. सावकारीची साखळी मुंबईच्या पेढ्यांपासून खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचलेली होती. वरून पैसा आटला तशी खालची वसुली कडक झाली. ज्याच्या वाट्याला तेजीतलं थोडंच आलं होतं, त्याच्या वाट्याला मंदी मात्र पुरी आली.

तेजीतलं थोडंच का आलं, हे समजण्यासाठी बाजाराची रचना जवळून पाहावी लागते. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचला. खामगावची शाखा आणि तिथला कापूस बाजार 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून 'उमरा' म्हणून विकला जाऊ लागला. म्हणजे वऱ्हाडातलं शेत आणि लिव्हरपूलचा बाजार आगगाडीनं आणि तारेनं जोडले गेले. पण तारेनं आलेला भाव अडत्याला कळे, शेतकऱ्याला कळत नसे. शेतकरी गाडी घेऊन बाजारात येई तेव्हा दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवत. ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी समजे. मग तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय आणि कडता यांची कपात होई. कडता म्हणजे मालात ओल आणि कचरा आहे असं धरून वजनातून सरळ काढून टाकलेला हिस्सा. तो किती काढायचा हे घेणाराच ठरवी. पुष्कळदा तर पीक उभं असतानाच पेरणीच्या कर्जापोटी सावकाराला लिहून दिलेलं असे, म्हणजे बाजारात भाव काहीही फुटो, शेतकऱ्याचा भाव आधीच ठरलेला असे. हा गोंधळ सरकारला दिसत नव्हता असं नाही. कारंज्याला 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. पण त्या कायद्याखालच्या समित्यांत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती. पिकवणाऱ्यासाठी जागा ठेवलेली नव्हती. माप सुधारलं ते लँकेशायरला स्वच्छ माल वेळेवर मिळावा म्हणून. ज्याचा माल मापला जात होता, त्याला त्या मापावर देखरेख करण्याचा हक्क कायद्यानं दिला नाही.

दख्खनच्या कोरडवाहू भागात हीच गोष्ट कर्जाच्या वाटेनं घडली. पुणे आणि नगर हा काही कापसाचा पट्टा नव्हे. पण तेजीच्या काळात सगळ्याच मालाचे भाव चढले, रेल्वेच्या कामांमुळे मजुरी वाढली आणि सावकारानं कर्जाला हात सैल सोडला. जमीन रयतवारीनं शेतकऱ्याच्या नावावर होती, म्हणजेच ती गहाण टाकता येत होती आणि लिलावात काढता येत होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेऊ लागला आणि कर्ज फुगत गेलं. त्यातच 1867 मध्ये इंदापुरापासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि तेजीच्या वर्षांकडे बोट दाखवून सारा काही ठिकाणी दीडपट आणि त्याहूनही वाढवला गेला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून नगर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत वणवा पसरला. या दंग्यांचं वैशिष्ट्य असं की लोकांना कागद हवे होते, माणसांवर त्यांचा फारसा रोख नव्हता. जिथे सावकारानं खतं मुकाट्यानं हवाली केली, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. खतांची मात्र होळी झाली. दूरच्या बाजारातल्या तेजीमंदीचा ताण शेवटी कुठे येऊन पडतो, हे त्या शेतकऱ्यांनी अर्थशास्त्राचं एकही पुस्तक न वाचता ओळखलं होतं.

रानड्यांनी हा काळ जवळून पाहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाला 1878 पासून त्यांच्याच विचाराचं बळ होतं. त्यांचं निदान असं की देशाचा धंदा बुडून लोक शेतीकडे ढकलले जात आहेत, आणि निव्वळ शेतीवर जगणारा देश एका पावसाच्या आणि एका परक्या बाजाराच्या मर्जीवर राहतो. दादाभाई नौरोजींनी मांडलेला संपत्तीच्या निचऱ्याचा मुद्दा त्यांना ठाऊक होता. पण 1890 मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत बोलताना त्यांनी त्यावर गळा काढत बसण्यापेक्षा कारखाने, भांडवल आणि कौशल्य उभं करण्याकडे लक्ष द्यावं असं सांगितलं. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टचा आधार घेऊन ते म्हणत की उद्योग नव्यानं उभा राहत असताना सरकारनं पाठीशी उभं राहणं हा अपवाद नाही, तोच इतिहासातला रिवाज आहे. इंग्लंडनं स्वतः 1700 आणि 1721 मध्ये कायदे करून हिंदी छापील कापडाला दार बंद केलं होतं आणि आपल्या गिरण्या पुरेशा बळकट झाल्यावरच खुल्या व्यापाराचा झेंडा हाती धरला. रानड्यांचं म्हणणं किती बरोबर होतं, याचा दाखला 1892 च्या व्याख्यानानंतर चारच वर्षांत सरकारनं दिला. 1896 मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातकर बसला, आणि लँकेशायरची तक्रार येऊ नये म्हणून इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तितकाच उत्पादनकर लादला गेला. तो जवळजवळ तीस वर्षं टिकला. व्यापार खुला असतो तेव्हाही त्याचे नियम कुणाच्या तरी सोयीनं लिहिलेले असतात, याचं याहून उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र याच रानड्यांच्या विचारात एक उणीव होती, आणि ती त्यांच्या एका लेखात ठळक दिसते. 1890 च्याच परिषदेत त्यांनी डच ईस्ट इंडीजमधल्या लागवड पद्धतीवर निबंध वाचला आणि सरकारनं पुढाकार घेतला तर वसाहतीचं उत्पादन आणि निर्यात कशी वाढते याचा नमुना म्हणून तिच्याकडे पाहिलं. जावा बेटावर 1830 पासून राबवलेल्या या पद्धतीत शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांसाठी राखून ठेवावा लागे. नेदरलँड्सच्या तिजोरीत त्यातून पैशांचा पूर आला. पण चाळीसच्या दशकात चिरेबोन आणि देमाक भागांत त्याच पद्धतीखाली दुष्काळ पडले, गावंच्या गावं ओस पडली, आणि 1860 मध्ये तर खुद्द एका माजी डच अधिकाऱ्यानं 'मॅक्स हॅवेलार' ही कादंबरी लिहून या जुलमाला वाचा फोडली. रानड्यांना जबरदस्ती हवी होती असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांनी मोजायला घेतलं ते देशाचं उत्पादन, देशाची निर्यात, देशाचं कौशल्य. त्या वाढीचा भार कुणाच्या पाठीवर पडला, हा प्रश्न त्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर राहिला. मुंबईच्या गिरण्यांबाबतही तेच झालं. गिरणी कामगारांचे तास मर्यादित करणारे फॅक्टरी कायदे आले तेव्हा राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक वृत्तपत्रांनी ते लँकेशायरचं कारस्थान म्हणून झिडकारले. लँकेशायरचा त्यात स्वार्थ होता, हे खरंच. पण 1884 मध्ये फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभेतून ज्या मागण्या केल्या त्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. इतकं साधं मागणं देशी उद्योगाच्या आड येतं असं जेव्हा वाटू लागतं, तेव्हा देशाचं हित आणि देशातल्या माणसांचं हित यांची फारकत झालेली असते.

फुल्यांची नजर नेमकी इथे होती. परदेशी स्वस्त मालामुळे इथल्या कारागिरांची उपासमार होते, हे त्यांनीही लिहिलं आहे. ते काही व्यापाराच्या प्रश्नाबद्दल अनभिज्ञ नव्हते. पण त्यांचा मुख्य प्रश्न असा होता की शेतकऱ्याच्या घामातून जे निघतं ते त्याच्या घरी का पोचत नाही. सारा ठरवणारा कारकून, खत लिहिणारा सावकार, कज्जा चालवणारा वकील, सगळ्यांना अक्षर येतं आणि शेतकऱ्याला येत नाही; या एका फरकातून त्याची लूट कशी होते, हे त्यांनी 'असूड'मध्ये पायरी पायरीनं दाखवलं. त्यांनी सुचवलेले उपायही व्यवहाराचे होते: पाणी आणि गाळ अडवणारे बांध, चांगली जनावरं, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं आणि लिहिण्यावाचण्याचं शिक्षण, अधिकाऱ्यांच्या अवाढव्य पगारांना कात्री. सार्वजनिक सभेत शेतकऱ्याचं प्रतिनिधित्व नाही, हा त्यांचा आक्षेप केवळ जातीच्या रागातून आला असं समजणं चूक आहे. वऱ्हाडच्या बाजार समितीत पिकवणाऱ्याला जागा नव्हती, आणि देशाचं आर्थिक धोरण मांडणाऱ्या सभेतही नव्हती. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे रानड्यांवर अन्याय करणारं आहे. दख्खन कृषक साहाय्य कायदा 1879 मध्ये झाला. त्याखालच्या खटल्यांवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांनी 1887 पासून काही वर्षं गावोगावच्या न्यायालयांची तपासणी केली. शेतकऱ्याच्या कर्जाची फेररचना आणि स्वस्त पतपुरवठा यांवर त्यांनी लिहिलं. हे सगळं खरं आहे, आणि शेतकऱ्याबद्दल त्यांना कळवळा होता याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण जमीन हळूहळू पैसेवाल्यांच्या हाती जाणं हा आर्थिक प्रगतीचा स्वाभाविक भाग आहे असंही ते मानत, आणि मोठ्या भांडवलदार शेतकऱ्यांचा एक वर्ग तयार व्हावा असं त्यांना वाटे. म्हणजे उणीव कळवळ्यात नव्हती. उणीव या विश्वासात होती की देशाची संपत्ती वाढली की तिचं वाटप पुढे आपोआप नीट होईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्यापारानंच तर मुंबई घडवली, पहिली कापड गिरणी 1854 मध्ये निघाली ती कापसाच्या व्यापारातून आलेल्या पैशावर, जमशेटजी टाटांनी नागपूरला 1877 मध्ये एम्प्रेस मिल काढली ती वऱ्हाडच्या कापसाजवळ, मग व्यापाराला दोष कसा देता? दोष व्यापाराला नाहीच. गिरण्या निघाल्या कारण व्यापाराचा पैसा काही हातांत साठला आणि त्या हातांना तो उद्योगात घालता आला. शेतकऱ्याच्या हातात त्याचा वाजवी हिस्सा राहिला असता, तर तोच पैसा विहिरींत, बैलांत आणि शाळेत गेला असता आणि गिरणीच्या कापडाला गावातच गिऱ्हाईक मिळालं असतं.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राच्याच मातीतून आला आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून सांगितलं की स्वतंत्र भारतानं रानड्यांचं औषध घेतलं, उद्योगांना संरक्षण दिलं, आणि त्याची किंमत शेतकऱ्याकडून वसूल केली. कापसाच्या निर्यातीवर बंधनं घातली, गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून भाव दाबले. सरकारनंच गॅटला दिलेल्या आकडेवारीतून शेतीला मिळणारं अनुदान उणे निघालं. म्हणून व्यापार खुला झाला तर शेतकऱ्याचा फायदाच आहे, असं ते म्हणत. त्यांच्या आरोपात तथ्य आहे, आणि रानड्यांच्या विचारातली उणीव त्यांनी फुल्यांच्या बाजूनं पकडली, असं मी म्हणेन. पण त्यांचा उपाय अर्धा आहे. जागतिक बाजार खुला झाला तरी तो समान नव्हता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलला जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करावी लागली आणि 2005 मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी 2003 मध्ये हेच गाऱ्हाणं मांडलं. इकडे महाराष्ट्र राज्यानं 1972 पासून तीन दशकं कापूस एकाधिकार खरेदी चालवून पाहिली. व्यापारी बाजूला झाला, पण मधली जागा रिकामी राहिली नाही. ती सरकारी यंत्रणेनं घेतली, चुकारे रखडले, योजना तोट्यात गेली. खुला बाजार आणि बंद बाजार या दोन्हींत भाव ठरवणारा मधलाच राहिला, आणि पिकवणारा दोन्हींत गाडीजवळ उभा.

प्रेबिश यांचा वैचारिक प्रवासही याच दिशेनं झाला, हे इथे ध्यानात घेण्यासारखं आहे. उमेदीच्या वर्षांत त्यांनी कच्च्या मालाच्या घसरत्या किमती आणि औद्योगिकीकरणावर भर दिला; 1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचे पहिले सरचिटणीस म्हणून त्यांनी तोच मुद्दा जगापुढे नेला, आणि तिची दुसरी परिषद 1968 मध्ये दिल्लीत भरली. पण 1981 मध्ये आलेल्या परिघावरच्या भांडवलशाहीबद्दलच्या पुस्तकात त्यांचा रोख आपल्याच देशांतल्या वरच्या वर्गाकडे वळलेला दिसतो. श्रीमंत देशांच्या राहणीची नक्कल करण्यात हा वर्ग विकासाचा वरकड नफा उधळतो आणि खालच्यांपर्यंत तो पोचूच देत नाही, असं त्यांनी लिहिलं. देशादेशांतल्या विषमतेपासून निघालेला विचार प्रामाणिक असेल तर देशाच्या आतल्या विषमतेपर्यंत पोचतोच. पुण्यात हे दोन विचार एकाच काळात, एकाच शहरात, दोन माणसांकडे वाटले गेले आणि एकत्र आलेच नाहीत, हे आपलं मोठं नुकसान.

रानड्यांचं व्याख्यान आज केवळ गौरवासाठी आणि 'असूड' केवळ जयंतीसाठी आठवला जातो. दोन्ही एकत्र वाचायला हवीत. कोणताही व्यापार करार पुढे आला, निर्यातबंदी लागली किंवा उठली, की दोन प्रश्न विचारावेत: या व्यवहाराचे नियम कोणत्या देशानं लिहिले, आणि भाव ठरतो त्या ठिकाणी पिकवणाऱ्याला बसायला जागा आहे का? पहिला प्रश्न रानड्यांचा, दुसरा फुल्यांचा. यांपैकी एकच प्रश्न विचारणारा माणूस शेतकऱ्याचा कैवारी म्हणवून घेत असेल, तर त्याला दुसरा विचारायला लावणं हे वाचक म्हणून आणि नागरिक म्हणून आपलं काम आहे.